चिखलाच्या पंगतीला चला!

अंदाज कर बघू! मुंबई आणि नवी मुंबईच्या मधोमध एक भलंमोठं ताट मांडलेलं आहे. दिवसातून दोनदा त्याच्यावरचं झाकण निघतं. जेवायला हजारो पाहुणे टपूनच बसलेले असतात. कुणी कच्छच्या रणातून आलेलं, कुणी थेट सैबेरियातून! आणि त्या ताटात काय वाढलेलं असतं, माहितेय?

चिखल!

हो, चिखलच! काळाकुट्ट, गुळगुळीत, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळणारा. नाक मुरडलंस ना? मुरड, मुरड! पण त्या चिखलात काय काय दडलंय ते ऐकशील, तेव्हा तुझेच डोळे मोठ्ठे होतील.

या जागेचं नाव ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. समुद्राचं पाणी जमिनीत लांबवर घुसतं ना, त्या चिंचोळ्या भागाला म्हणायचं खाडी. मानखुर्दहून वाशीला जाणारी लोकल याच खाडीवरच्या पुलावरून धडधडत जाते. हिवाळ्यात खिडकीपाशी जागा मिळाली तर मोबाइल खिशात ठेव आणि खाली बघ. दूरवर चिखलाच्या कडेनं गुलाबी रेघ दिसेल. ती रेघ हलते! कारण ती रेघ नाहीच, ती रोहित पक्ष्यांची रांग आहे. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो.

२०१५ साली सरकारनं ही जागा अभयारण्य म्हणून जाहीर केली. २०२२ साली तिचं नाव रामसर यादीत गेलं. इराणमध्ये रामसर नावाचं गाव आहे. तिथे १९७१ साली देशोदेशींच्या लोकांनी ठरवलं, की जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागा आपण जपायच्या. त्या यादीत आपली ही चिखलाची खाडी! एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, डोक्यावरून पूल, आणि मध्ये ही पंगत. मला तर याचं दरवेळी नव्यानं नवल वाटतं.

आता त्या झाकणाची गंमत सांगते. झाकण म्हणजे भरतीचं पाणी. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, ताट बंद! ओहोटी लागली की पाणी ओसरतं, ताट उघडं! मात्र हे रोज त्याच वेळी होत नाही. भरतीची वेळ दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कल्पना कर, तुझ्या शाळेतली डबा खायची घंटा आज अकराला वाजली, उद्या पावणेबारा वाजून गेल्यावर, परवा साडेबाराच्या पुढे! असं करत करत ती एक दिवस मध्यरात्री वाजेल. मग काय, पक्षी मध्यरात्री जेवतात! सूर्य उगवला की मावळला, याच्याशी त्यांच्या पोटाला फारसं देणंघेणं नाही. झाकण निघालं की जेवायचं, एवढंच.

आणि झाकण लागलेलं असताना? तेव्हा सगळी मंडळी उडून आजूबाजूच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला, भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळ अशा जागा आहेत. म्हणजे नुसती खाडी असून भागत नाही. जेवणाचं घर वेगळं आणि झोपायचं घर वेगळं, अशी दोन्ही घरं लागतात त्यांना!

बरं, चिखलात आहे तरी काय? खाडीच्या काठानं कांदळवन आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. तिवर हे त्यातलं एक. त्यांची पानं गळून चिखलात पडतात आणि कुजतात. कुजलेल्या पानांवर डोळ्यांना न दिसणारे जीव ताव मारतात. त्यांना खायला अळ्या येतात, किडे येतात, गोगलगायी येतात. चिखलाच्या आत हवा नसते, म्हणून तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू राहतात. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो ना, तो त्यांनीच सोडलेल्या वायूचा. वास आला की समजायचं, खालचं स्वयंपाकघर जोरात चालू आहे!

याच चिखलावर तुला एक मासा दिसेल. मासा, पण पाण्याबाहेर! नाव निवटी. बोटाएवढी असते, चिखलाच्याच रंगाची, आणि डोळे डोक्यावर बेडकासारखे टपोरे. पुढच्या दोन परांवर रेटा देत ती सरपटते, मध्येच टुणकन उडी मारते. दुसरी निवटी जवळ आली, की पाठीवरचा पर छत्रीसारखा फटकन उघडते. जणू म्हणते, ‘ही माझी जागा, चल हट!’ अंग ओलं असेपर्यंत ती कातडीतूनसुद्धा श्वास घेऊ शकते. म्हणून अधूनमधून ती चिखलात चक्क लोळते. आणि डोळे कोरडे पडले की? ते डोक्याच्या खोबणीत आत ओढून घेते, ओले करते आणि पुन्हा वर काढते! एकदा निवटी बघायला लागलं की पक्षी बघायचे राहूनच जातात, हा माझा अनुभव आहे.

पण आपण पंगतीला आलोय. चल, पानावर कोण कोण बसलंय ते बघू.

अगदी कडेला, चिखलावर तुरूतुरू पळणारा तो इवलासा पक्षी म्हणजे छोटा टिलवा. त्याचं वजन किती असेल? चहाच्या पाच चमचे साखरेएवढं! एवढाच तो जीव, पण जन्मला कुठे, तर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात. तिथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते. चोच आत जाणारच कशी? आपल्या खाडीतला चिखल कधीच गोठत नाही. म्हणून हा चिमुकला हजारो किलोमीटर उडत येतो. कोण म्हणतं पर्यटकांना फक्त वाळूचा किनारा लागतो!

त्याच्या मागे लांबसडक गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याच्याही मागे पाणटिवळा, लांब सरळ चोचीचा. आणि तो वाकड्या चोचीचा मोठा पक्षी, तो कोरल. त्याची चोच केवढी असते, सांगू? तुझ्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी! 

आता विचार कर. एवढे सगळे एकाच चिखलात जेवतात, मग भांडणं का होत नाहीत? कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या मापाची! टिलव्याची चोच आखूड, म्हणून तो वरवरचं टिपतो. पाणटिवळा त्याच्या खालचं काढतो. कोरल अगदी खोल बिळातला किडा ओढून बाहेर आणतो. एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या चोचीला पोचतच नाही!

पण चिखलाच्या आत तर अंधार. मग किडा दिसतो कसा? दिसतच नाही! दप्तराच्या तळाशी गेलेला खोडरबर तू न बघता कसा शोधतेस किंवा शोधतोस? बोटांनी चाचपडून! पाणटिवळा तेच चोचीनं करतो. त्याच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणारे बारीक बारीक बिंदू दाटीनं बसवलेले असतात. किडा लागला, की आणखी एक जादू. पूर्ण चोच न उघडता तो फक्त वरच्या चोचीचं टोक उचलतो, किडा चिमटीत धरतो आणि सुळकन ओढतो. चोचीच्या टोकाला जणू बोटं आहेत!

आता मुख्य पाहुण्यांकडे जाऊ. रोहित! चांगल्या वर्षी खाडीत लाखाच्या घरात रोहित येतात. त्यांच्यात दोन जाती आहेत. मोठा रोहित उभा राहिला तर पाच फुटांपर्यंत भरतो, आणि त्याची चोच गुलाबी असून फक्त टोक काळं असतं. छोटा रोहित तीनेक फुटांचा, चोच गडद, लांबून काळीच वाटणारी. उंची लांबून कळत नाही, म्हणून तू चोचीकडे बघ.

रोहित जेवतो कसा, हे मात्र नीट बघ. मान खाली घालतो आणि डोकं चक्क उलटं करतो! कपाळ चिखलाकडे, हनुवटी आकाशाकडे! तू असं उलटं होऊन वरण-भात खाऊन बघ. नको, नको, आई ओरडेल! रोहिताची चोच मध्येच वाकलेली असते ना, ती या उलट्या जेवणासाठीच. आपली हलते ती खालची हनुवटी. रोहित मात्र वरची चोचसुद्धा छान हलवू शकतो.

चोचीच्या आत कंगव्यासारख्या बारीक दातेरी कडा असतात. जीभ पंपासारखी मागेपुढे होते. पाणी आत, पाणी बाहेर, आणि खाऊ आत अडकलेला! छोट्या रोहिताची जीभ हे एका सेकंदात वीसेक वेळा करते. तू ‘एक’ म्हणेपर्यंत वीस वेळा!

आणि आई घरात दोन चाळण्या का ठेवते, आठव बरं. पिठाची चाळणी बारीक, रव्याची जाड. अगदी तस्संच इथे! छोट्या रोहिताची चाळणी इतकी बारीक, की त्यात डोळ्यांना न दिसणारं हिरवं-निळं शेवाळ अडकतं. मोठ्या रोहिताची चाळणी जाड, तिच्यात बारीक कोळंबीसारखे जीव आणि अळ्या अडकतात. म्हणून दोघं खांद्याला खांदा लावून जेवतात आणि तरी कुणाचं काही कमी पडत नाही.

थांब, अजून संपलं नाही! २०२५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी रोहित जेवताना पाण्यात काय होतं, ते बारकाईनं पाहिलं. त्यांना दिसलं, की रोहित पाण्यात भोवरे तयार करतो. खरेखुरे, गरगरणारे भोवरे! पातेल्यातलं वरण खाली बसलं असेल आणि तू डाव झटकन वर उचललास, तर तळातली डाळ उसळून वर येते की नाही? रोहित तळापासून डोकं तसंच झटकन वर घेतो. त्या ओढीनं गाळ आणि त्यातले जीव गिरक्या घेत वर येतात. बोटांमध्ये पडदा असलेले पाय चिखलावर नाचवून तो आणखी भोवरे उठवतो. म्हणजे चाळणीपाशी खाऊ यायची वाट बघत बसत नाही हा पठ्ठ्या. खाऊला गरगर फिरवत स्वतःकडेच आणतो!

आता तुला एक कोडं. दुर्बिणीतून बघशील, तर थव्यात काही रोहित गुलाबी आणि काही मळकट राखाडी दिसतील. राखाडी कोण?

आजारी? नाही. वेगळी जात? नाही. ती पोरं आहेत! रोहिताचं पिल्लू गुलाबी जन्मतच नाही. गुलाबी रंग येतो जेवणातून. गाजराला केशरी करणारा जो रंग असतो, त्याच घराण्यातले रंग त्या शेवाळात आणि कोळंबीसारख्या जीवांत असतात. खाऊन खाऊन तो रंग पिसांत उतरतो, आणि पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. म्हणजे खाडीतला प्रत्येक गुलाबी पक्षी हा त्याच्या जेवणानं रंगवलेला आहे! 

ही पिल्लं जन्मतात कुठे? आपल्याकडे नाही. पुष्कळशी कच्छच्या मोठ्या रणात. तिथे रोहितांची वसाहतच आहे. तिला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणतात. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सालिम अली १९४०च्या दशकात तिथे जाऊन आले आणि त्यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलं. रोहित चिखलाचाच लहानसा ओटा बांधतो. वर खोलगट वाटी, वाटीत एकच अंडं. महिनाभरानं पिल्लू बाहेर येतं. त्याची चोच असते सरळ! चाळणी अजून तयारच नाही, मग ते खाणार काय?

कान इकडे कर. पिल्लू दूध पितं! आणि ते दूध आई पाजते आणि बाबासुद्धा पाजतो! रोहितांच्या गळ्याकडच्या अन्ननलिकेत हे दूध तयार होतं आणि चोचीतून थेंब थेंब पिल्लाच्या चोचीत उतरतं. त्याचा रंग चक्क लालभडक असतो. पोरांना भरवता भरवता आईबाबांचा स्वतःचा गुलाबी रंगही फिका पडत जातो. थोडी मोठी झालेली पिल्लं एकत्र राहतात, आपल्या पाळणाघरासारखी. शेकडो, कधी हजारो पिल्लं, आणि राखायला मोजकेच मोठे. तरी आईबाबा आपलं पिल्लू आवाजावरून बरोब्बर ओळखतात.

चल, आता उभं राहा आणि लंगडीच्या तयारीत एक पाय वर घे. किती वेळ टिकतेस किंवा टिकतोस, मोज. डुगडुगायला झालं ना? रोहित एका पायावर झोपतो! त्याला हे जमतं कसं, याचं उत्तर २०१७ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी शोधलं. एका पायावर उभं राहिलं, की रोहिताच्या शरीराचं वजनच पायाला जागच्या जागी घट्ट बसवतं, स्नायूंना जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही. मेलेल्या रोहितालासुद्धा त्यांनी एका पायावर उभं करून पाहिलं, आणि तो उभा राहिला! दोन पायांवर मात्र राहिला नाही. म्हणजे आपल्याला जे अवघड, तेच त्याला सोपं.

आणि हो, रोहिताचा गुडघा मागे वळतो असं कुणी सांगितलं, तर हसून सांग, ‘तो गुडघा नाहीच, तो घोटा!’ खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. रोहित आयुष्यभर चवड्यांवरच चालतो!

हे पाहुणे कुठून येतात आणि कुठे जातात, हे कसं कळतं? मुंबईत बीएनएचएस ही १८८३ साली सुरू झालेली, निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था आहे. २०२२ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना उन्हावर चालणारी छोटी यंत्रं बसवली. पक्षी कुठे आहे ते यंत्र कळवत राहतं. त्या रोहितांना नावंसुद्धा दिली! एकाचं नाव सलीम, एकाचं हुमायूं, आणि एकाचं चक्क नवी मुंबई! या यंत्रांमुळे खाडी आणि गुजरात यांच्यातली रोहितांची ये-जा नकाशावर दिसायला लागली.

लांब उडण्यात मात्र पाणटिवळ्यांच्या घराण्याला तोड नाही. आपल्या खाडीतल्या काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याचा एक भाऊबंद आहे, पट्टेरी शेपटीचा. २०२२ साली त्यातला एक पक्षी अलास्काहून निघाला आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. अंतर १३,५६० किलोमीटर. दिवस ११. वाटेत थांबे किती? शून्य! ना खाणं, ना पाणी, ना जमिनीवर क्षणभर विसावा. सहलीच्या बसमध्ये आपण तासाभरात ‘सर, पाणी’, ‘बाई, भूक’ करतो! आणि त्या पक्ष्याचं वय? अवघं पाच महिने!

एवढ्या प्रवासाचं दप्तर कसं भरतात, ते ऐक. निघण्याआधी हे पक्षी खाऊन खाऊन गलेलठ्ठ होतात, इतके की शरीराचं निम्मं वजन चरबीचं होतं. मग पोट आणि आतडी आक्रसून लहान होतात. वाटेत जेवायचंच नाही, तर एवढं जड पोट न्यायचं कशाला? पोचल्यावर ते पुन्हा वाढतं!

आता तुझी जायची तयारी. ऐरोलीला कांदळवन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीनं खाडीत नेतात. निघायच्या आधी भरतीची वेळ घरी कुणाला तरी बघायला सांग, कारण बोट भरतीच्या वेळा बघूनच सुटते. काठावरून बघणार असशील, तर पाणी चढत असताना जा. ऐन ओहोटीला पक्षी पार लांब पाण्याच्या कडेला असतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना ढकलत ढकलत तुझ्याकडे आणतं! 

कपडे मातकट, हिरवे, खाकी घाल. दुर्बीण नसेल तर मागून घे. टाळ्या वाजवून थवा उडवायचा मोह कुणालाही होतो, पण नको. ताट काही तासच उघडं असतं, आणि भर जेवणातून उठवलं तर कुणालाही राग येतोच ना?

हिवाळा चुकला तरी हळहळू नकोस. सैबेरियाचे पाहुणे उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघतात, पण रोहित पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रेंगाळतात.

आणि एक काम नक्की कर. पक्ष्यांचे पाय बघ! काहींच्या पायात रंगीत कडी किंवा पट्टी असते, तिच्यावर अक्षरं आणि आकडे. शास्त्रज्ञांनी पक्षी अलगद पकडून ती घातलेली असते. दिसली, तर रंग कोणता, कुठल्या पायात, अक्षरं कोणती, तारीख आणि जागा कोणती, सगळं वहीत टिपून घे आणि बीएनएचएसला कळव. त्या तीन-चार अक्षरांवरून त्यांना कळेल, की तुझ्यासमोर चिखल चाळणारा तो पक्षी याआधी कुठे, कधी आणि कुणाच्या हातात होता. पेन्सिलीला आधीच टोक करून ठेव हं, कारण टिलवा काही तुझ्यासाठी एका जागी उभा राहणार नाही!